विचारायला शिकवा
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
दिंडोरी रोड, म्हसरूळ, नाशिक.



त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी वर्षभर कुटुंबं येत असतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून, आणि जवळच्या निफाड-येवल्यातूनही. तीन दिवसांचा विधी असतो. पुरुषांना नवं पांढरं धोतर, बायकांना नवी पांढरी साडी. कोणी मूल होत नाही म्हणून आलेलं असतं, कोणाला ज्योतिषाने पितृदोष सांगितलेला असतो. पण नारायणबळीचा मूळ हेतू अपमृत्यू आलेल्या माणसाला गती मिळावी हा आहे, आणि आत्महत्या ही अपमृत्यूतच मोजतात. कणकेचा पुतळा करतात. गेलेल्याला मंत्रांनी त्यात बोलावतात, मग त्या पुतळ्यावर रीतसर अग्निसंस्कार होतो आणि घरची माणसं पुन्हा एकदा सुतकात बसतात.

पोटच्या मुलाला एकदा अग्नी देऊन आलेल्या बापाने कणकेच्या त्या देहाला दुसऱ्यांदा अग्नी द्यायचा. त्याच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असणार. पोराच्या डोक्यात काय चाललं होतं? आम्हा कोणालाच ते कसं दिसलं नाही? गुरुजी त्याला गतीचा मार्ग सांगू शकतात. या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नसतं आणि ते देणं त्यांचं कामही नाही. तिथून गाडीने तासाभरावर, म्हसरूळला, आपलं विद्यापीठ आहे. ते काम विद्यापीठाचं आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

१९९८ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ नाशिकला असलं तरी त्याची हद्द अख्खा महाराष्ट्र आहे. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, या सगळ्या शाखांच्या शेकडो महाविद्यालयांतली मुलं आपल्या शिक्क्याची पदवी घेऊन बाहेर पडतात. गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, मालेगावच्या गल्लीतले हकीम, सुरगाण्याच्या पाड्यावर जाणारी नर्स, पिंपळगाव बसवंतच्या हमरस्त्यावरचे बीएएमएस डॉक्टर. खचलेला माणूस मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचतो तो क्वचितच. या माणसांसमोर मात्र तो येऊन बसतो. शेवटच्या काही महिन्यांत तर अनेकदा येऊन बसतो.

येतो तो काय सांगत येतो, ते जवळून पाहायला हवं. निफाड, चांदवड, सटाणा, कळवण, कोणत्याही बाजारपेठेच्या गावातला दवाखाना घ्या. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत बाकावर सातआठ माणसं, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. पंचेचाळिशीचा एक शेतकरी आत येतो. 'झोप उडालीय डॉक्टर. अंगात ताकद नाही. डोकं जड राहतं. जेवण जात नाही.' डॉक्टर बीपी घेतात, जीभ बघतात, पोट दाबून बघतात. ॲसिडिटीची गोळी, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, फारच गळून गेल्यासारखं वाटत असेल तर सलाईन. बाकावरची रांग वाढत असते. चार मिनिटांत तो बाहेर. तो रोज पहाटे तीनला टक्क जागा होतो, सकाळची वेळ त्याला सगळ्यात वाईट जाते, सहा महिन्यांत त्याने बागेत मन लावून एक काम केलेलं नाही, हे तो सांगत नाही, कारण कोणी विचारलेलं नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला उठणारा माणूस आणि झोपच न लागणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात.

या डॉक्टरांना दोष द्यावा असं काही नाही. मध्यरात्री दार वाजलं तर गावात तेच उठतात. पण त्यांना शिकवलं काय? एमबीबीएसला मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. मेडिसीनच्या पेपरात त्याचा थोडा वाटा असतो, तो सोडून दिला तरी मुलगा पास होतो. वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये या विषयाला दोन आठवडे मिळतात. ज्या आजारात माणूस स्वतःचा जीव घेऊ शकतो, त्याची ओळख दोन आठवड्यांत उरकली जाते.

आणि मग पेपरात बातमी येते. 'कर्जाला कंटाळून.' 'आजारपणाला कंटाळून.' 'क्षुल्लक कारणावरून.' पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि विषय मिटतो. मराठी बातमीतला 'कंटाळून' हा शब्द इतका सरावाचा झालाय की तो कोणाला खटकतही नाही. कंटाळा पावसाळ्यात घरात बसून येतो. तीन-तीन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, लेकरू मांडीवर येऊन बसलं तरी आत काही हलत नाही, आपण घरावर ओझं आहोत याची पक्की खात्री पटलेली, ही अवस्था कंटाळ्याची नाही. हा आजार आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदलेल्या आहेत. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, देशात सर्वाधिक. म्हणजे रोज सरासरी ६२ माणसं. यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८. हा आकडाही देशात सर्वाधिक आणि लाजिरवाणाच. पण वजाबाकी करून पाहा. उरलेली साडेअठरा हजार माणसं शेतीतली नव्हती. त्यात गृहिणी होत्या, रोजंदारीवरचे मजूर होते, विद्यार्थी होते, दुकानदार होते. त्यांच्यावर अग्रलेख होत नाहीत, मोर्चे निघत नाहीत. आणखी एक गोष्ट. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांमध्ये साधारण दर वीस जणांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठल्याचं त्यात दिसलं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. ज्या राज्यात सर्वाधिक माणसं अशी जातात, त्या राज्याचं मन मोजायचंच राहून गेलं.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे. डोक्यात काय चाललं होतं?

गंमत म्हणजे या उत्तराची एक मुळी आपल्याच मातीतली आहे. सर्पगंधा. आपल्या आयुर्वेद शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती ठाऊक असते. झोपेसाठी, उन्मादासाठी वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांवर आधुनिक वैद्यकाच्या भाषेत लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांच्या नोंदींनिशी दाखवलं आणि जगाचे कान टवकारले. या कामासाठी १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं होतं आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ते सर्रास दिलं जाऊ लागलं होतं.

मग डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रक्तदाब उतरत होता, पण काही रुग्ण मनाने उतरत होते. हसणं-बोलणं बंद, खाणं-पिणं बंद. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा कळलं की रेसरपिन मेंदूतल्या सेरोटोनिन, नॉरॲड्रिनालिन, डोपामिन या रसायनांची कोठारं रिकामी करतं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं. जवळपास त्याच काळात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या क्षय रुग्णालयात उलटी गोष्ट घडत होती. इप्रोनियाझिड हे क्षयावरचं नवं औषध घेणारे, मरणाच्या दारातले रुग्ण वॉर्डात हसू-नाचू लागले होते. हे औषध त्याच रसायनांची मोडतोड थांबवत होतं.

एका औषधाने रसायनं घटली, माणसं खचली. दुसऱ्याने वाढली, माणसं उमलली. या दोन निरीक्षणांवरून १९६५ च्या सुमारास मांडणी झाली की नैराश्य म्हणजे मेंदूतल्या या रसायनांची तूट.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. निरोप त्या फटीपर्यंत विजेसारखा येतो, पण फट ओलांडायला त्याला रसायनाची होडी लागते. सेरोटोनिन ही अशीच एक होडी. निरोप पोचला की पाठवणारी पेशी ती परत ओढून घेते. हे परत ओढणं उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या ज्युलियस ॲक्सेलरॉड यांना १९७० चं नोबेल मिळालं. आज कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधं नेमकं ते परत ओढणं रोखतात. होडी फटीत जास्त वेळ राहते.

इथवरची गोष्ट सुटसुटीत आहे आणि म्हणूनच ती जगभर पसरली. पण ती अपुरी आहे, आणि हे आपल्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायला हवं. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी आधीचे सगळे पुरावे एकत्र तपासले. नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन कमीच असतं याला सातत्याने आधार सापडला नाही. रेसरपिनने माणसं खचतात हेसुद्धा वाटलं होतं तितक्या प्रमाणात खरं नव्हतं, असं पुढच्या फेरतपासणीत दिसलं. त्या लंडनच्या लेखानंतर अनेकांनी गोळ्या फेकून देण्याच्या गोष्टी केल्या. तेही चूकच. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने ५२२ चाचण्यांचा आणि १,१६,४७७ रुग्णांचा एकत्र हिशेब छापला. तपासलेली एकवीसच्या एकवीस नैराश्यविरोधी औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. काही थोडी, काही बरीच. औषध उपयोगी पडतं, फक्त ते का पडतं याचं उत्तर आपण समजत होतो त्याहून गुंतागुंतीचं आहे.

एक धागा तर आपल्या द्राक्ष बागायतदाराला कोणाहीपेक्षा लवकर कळेल. गोळी घेतल्यावर फटीतलं सेरोटोनिन काही तासांत वाढतं, पण मन उभारी धरायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. मधल्या काळात मेंदूत काय होतं? वाळलेल्या फांद्यांसारखे आखडलेले पेशींचे तंतू पुन्हा वाढू लागतात, पेशींना पोसणारी प्रथिनं वाढतात, नवे जोड तयार होतात, असं गेल्या पंचवीस वर्षांचं संशोधन सुचवतं. ऑक्टोबरची छाटणी करून दुसऱ्या दिवशी घड मोजायला बागेत कोणी जात नाही. डोळे फुटायला दिवस लागतात, माल यायला महिने. दिंडोरीच्या डॉक्टरांनी एवढं जरी रुग्णाला सांगितलं तरी आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी बंद करणारे कितीतरी जण टिकतील.

दुसरा धागा ताणाचा. संकट आलं की शरीर कॉर्टिसोल सोडतं. धावायला, लढायला बळ देणारं हे संप्रेरक. संकट टळलं की मेंदू ते आवरतो. पण संकट टळतच नसेल तर? डिसेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले, ते देशाने पाहिलं. त्यांनी राग व्यक्त केला, तो बाहेर आला. पण असे कितीतरी जण आहेत जे विक्रीची अशी पट्टी खिशात घडी करून ठेवतात आणि घरी कोणाला सांगत नाहीत. कांद्याचा भाव लासलगावच्या आवारात पडतो, पण त्याचा मार बसतो कपाळामागच्या त्या दीड किलोच्या गोळ्यात. महिनोन्‌महिने कॉर्टिसोल चढून राहिलं की झोप जाते, आठवण आणि भावनांचा तोल सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग झिजतो, आणि पुढचा विचार करणारा, थांब म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा पडतो. मग समोर चार वाटा असल्या तरी माणसाला एकच दिसते. त्याला हिंमत नव्हती म्हणून तो गेला असं नाही. बाकीच्या वाटा त्याला दिसत नव्हत्या.

बालपणाचाही हिशेब मेंदूत राहतो. २००९ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी छळ सोसलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताण आवरणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा बसलेल्या दिसल्या. त्या जनुकाचं काम त्या खुणांनी दाबून टाकलं होतं. जनुक तेच, पण त्याला कुलूप. छळ संपून वीस-तीस वर्षं झाली तरी त्याची नोंद रसायनात राहते.

म्हणूनच 'हा मेंदूचा आजार आहे' असं म्हणून कोणाला हात झटकता येणार नाहीत. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगावच्या, आदिवासी समाजातून डॉक्टर झालेल्या. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या आपल्याच विद्यापीठाच्या विद्यार्थिनी होत्या. रसायनाची भाषा छळ करणाऱ्याला, भाव पाडणाऱ्याला, कर्जाचा तगादा लावणाऱ्याला मोकळं सोडत नाही. उलट त्यांनी नेमकं काय मोडलं ते ती दाखवते. हाड मोडलेल्या माणसाला प्लास्टर घातल्याने मारणाऱ्याचा गुन्हा माफ होत नाही, आणि गुन्ह्याचा निकाल लागेपर्यंत प्लास्टर थांबवूनही चालत नाही.

आपल्या वर्गातली परिस्थितीही बरी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये देशभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. एमबीबीएसच्या १६.२ टक्के आणि पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी मनात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. जी मुलं उद्या त्या बाकावरच्या शेतकऱ्याला तपासणार, त्यांनाच आज कोणी विचारत नाही.

आता मागणं. ते खर्चिक नाही.

नैराश्य ओळखायला रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे, पीएचक्यू-९ नावाची. ती मराठीतही वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला का, झोप कशी आहे, भूक कशी आहे, थकवा, अपराधीपणा, लक्ष लागणं. पाच मिनिटं लागतात. नववा प्रश्न सगळ्यात अवघड: आपण मेलेलं बरं असं मनात येतं का? डॉक्टर इथेच अडखळतात. विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात घालू, अशी भीती असते. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना विचारलं त्यांच्यात असे विचार वाढले नाहीत, आणि आधीच खचलेल्या मुलांना विचारल्याने त्रास कमी झाल्याचंच दिसलं. विचारल्यावर माणूस बहुधा रडतो. मग सांगू लागतो.

दुसरी भीती पोलिसांची. 'असलं काही चिठ्ठीवर लिहिलं तर केस होईल.' २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. किती पदवीधरांना हे परीक्षेत विचारलं जातं?

बीएएमएस आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी उद्यापासून नैराश्याची औषधं लिहावीत, असं हे पत्र म्हणत नाही. ते धोक्याचं आहे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांना आठवड्याला भेटावं लागतं. बायपोलर रुग्णाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादात जाऊ शकतो. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरताही नैराश्याचं रूप घेऊन येते. या डॉक्टरांनी करायचं ते एवढंच: विचारायचं, ओळखायचं, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नावाने चिठ्ठी देऊन पाठवायचं, आणि तो गेला का, गोळ्या घेतोय का, हे पंधरा दिवसांनी फोन करून पाहायचं. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत; उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. तेव्हा गावातला डॉक्टर हाच इथला पहिला दरवाजा.

हे जमतं, याचे दाखले शेजारीच आहेत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटून छोट्या-छोट्या कामांकडे परत वळवलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने निकाल छापला: तीन महिन्यांत ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमधल्या 'विश्राम' प्रकल्पाचे निकाल आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विदर्भात, कापसाच्या पट्ट्यात, आत्महत्यांनी पोळलेल्या गावांत हे घडलं.

आणि जीव वाचवण्यात वेळेचंही मोल असतं. ती तीव्र ऊर्मी अनेकदा थोडाच वेळ टिकते. तेवढा वेळ निभावला, हाताशी घातक वस्तू नसली, सोबत कोणी असलं, तर माणूस परत येतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. शेतीचं उत्पन्न त्यामुळे बुडालं नाही. खचलेल्या माणसाच्या घरी 'औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या' एवढं सांगायला पदवीही लागत नाही.

विद्यापीठाला असं राज्यभर शिकवण्याचा अनुभव आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आपणच चालवता. त्यावर मतं काहीही असोत, एक गोष्ट त्याने सिद्ध केली की काम करत असलेल्या डॉक्टरांना पुन्हा वर्गात आणता येतं. मग तीन दिवसांचं प्रशिक्षण का नको? नऊ प्रश्न, कायद्याचं एक कलम, धोक्याच्या चार खुणा, पाठपुराव्याची एक वही. इंटर्नशिप संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाने, मग तो कोणत्याही शाखेचा असो, शिक्षकाच्या देखरेखीखाली वीस रुग्णांना ते नऊ प्रश्न विचारलेले असावेत. त्याने नववा प्रश्न नजर न चुकवता विचारला का, हे शिक्षकाने पाहावं. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा 'कासव' दाखवा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. त्याचे एक निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. जीव द्यायला निघालेल्या एका तरुणाजवळ बसून राहणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं. पाठ्यपुस्तकाला ते सांगता येत नाही.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे आहेत. महाराष्ट्रापुरता हिशेब केला तर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं. दोन हजार बाप, ज्यांना कणकेच्या पुतळ्याला अग्नी द्यायला त्र्यंबकला यावं लागणार नाही.

हे पत्र वाचणाऱ्या आणि स्वतःच पहाटे तीनला जागं राहणाऱ्या कोणासाठी: १४४१६ हा टेली-मानस या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आज रात्रीच लावा. आणि घरात कोणी गप्प झालं असेल, तर 'टेन्शन घेऊ नको' म्हणून उठू नका. शेजारी बसा आणि विचारा.

मा. कुलगुरू, येत्या सत्रापासून हे सुरू करावं, ही विनंती.



एक नाशिककर